लेकीचा पहिला कॅमेरा: पडला तरी चालेल असा

पत्राचा सारांश

कोल्हापूरच्या कसबा बावड्यातल्या एका आईचं पत्र आहे. मुलगी नऊ वर्षांची, चौथीत. आईचा मोबाईल हाती लागला की फोटो काढत सुटते. मेमरी भरते, आईची कामं अडतात. वाढदिवसाला तिला कॅमेराच हवाय. बजेट पाच हजार. वडील म्हणतात, ऑनलाइन दिसलेला दीड हजाराचा, '४८ मेगापिक्सेल' लिहिलेला गुलाबी कॅमेरा घेऊन टाकू. मामांचं म्हणणं, एकदाच चांगलं घ्यावं, डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) घ्या, हप्त्यांचं मी बघतो. आईच्या मनात घरातला जुना मोबाईल द्यायचं आहे, पण मग मोबाईल सुटायचा कसा, हा प्रश्न. त्यात दोन वर्षांपूर्वी हौसेनं घेतलेला कॅसिओ (वाजवायचा कीबोर्ड) माळ्यावर पडून आहे, म्हणून पैसे वाया जायची धास्ती. जुना कॅमेरा घेतला तर फसगत होईल का, आणि घेऊ तो दहावीपर्यंत पुरेल का, असं शेवटी विचारलंय.

उत्तर

ताई,

शेवटचा प्रश्न आधी घेऊ. दहावीपर्यंत पुरणारा कॅमेरा शोधू नका. पहिला कॅमेरा दोन-तीन वर्षं मनसोक्त हाताळला गेला की त्याचे पैसे फिटले. किंमत ठरवायला एक कसोटी लावा: तो तिच्या हातून फरशीवर पडला तर तुम्ही तिच्यावर ओरडाल का? 'हो' असेल तर तो कॅमेरा तिच्यासाठी महाग आहे, मग तो कितीही चांगला असू दे. महागडा कॅमेरा मुलीच्या गळ्यात असला तरी जीव आईचा टांगणीला लागतो. 'पट्टा सोडू नको', 'तिकडं नेऊ नको', 'दे इकडं, मीच काढते' असं होत होत महिन्याभरात तो कपाटाच्या वरच्या फळीवर जाऊन बसतो.

कॅसिओ माळ्यावर का गेला, तेही एकदा आठवून बघा. मुलीचा नाद संपला म्हणून, की तो काढायला, जोडायला, अडॅप्टर शोधायला दरवेळी मोठ्या माणसाची वाट बघावी लागायची म्हणून? मुलांच्या वस्तू मागं पडतात त्याला बऱ्याचदा हे दुसरं कारण असतं. म्हणून कॅमेरा असा हवा की सेल घालण्यापासून काढलेला फोटो बघण्यापर्यंत सगळं तिला एकटीला जमेल.

आता मोबाईलचं. कॅमेरा आला की मोबाईल सुटेल, अशी आशा तुमच्या पत्रात दिसते. पण मोबाईल घेऊन तासभर व्हिडिओ बघत बसलेलं मूल आणि मोबाईल घेऊन परसात मुंगळ्याच्या मागं फिरणारं मूल, दोघांच्या हातातली वस्तू एक असली तरी नाद वेगळा. तुमच्या लेकीचा नाद कुठला, हे तिचे फोटोच सांगतील. तिनं काढलेले शेवटचे शंभर फोटो निवांत बसून बघा. निम्मे-अर्धे फिल्टर लावलेले चेहरे आणि नाचाचे व्हिडिओ निघाले तर तिला फोटो काढण्यापेक्षा मोबाईलमधली ॲप आवडतायत. कॅमेरा हातात आला की ती हिरमुसेल, त्यापेक्षा सध्या काही घेऊ नका. फुलं, किडे, पानावरचे थेंब, मांजराचं नाक असं जवळून काढलेलं जास्त असेल तर खिशात मावणारा साधा कॅमेरा तिच्यासाठीच आहे. तारेवरचे पक्षी आणि लांबची दृश्यं जास्त असतील तर मोठा झूम लागेल, आणि तिथं पाच हजारांत ओढाताण होते. चार-पाच पट झूममध्ये रंकाळा तलावावरचा बगळा पांढरा ठिपकाच राहतो. आणि घरातली माणसं, रात्रीचे कार्यक्रम हेच जास्त असेल तर मोबाईल उजवा ठरतो. मंद उजेडात अलीकडचे मोबाईल लागोपाठ बरेच फोटो घेऊन त्यांचा एक करतात. जुन्या स्वस्त कॅमेऱ्याला ते जमत नाही.

घरात निघालेल्या तिन्ही पर्यायांवर थोडक्यात बोलू.

गुलाबी कॅमेऱ्यावरच्या ४८ या आकड्याला भुलू नका. अशा खेळण्यातल्या कॅमेऱ्यांचा सेन्सर, म्हणजे आतला उजेड टिपणारा भाग, बहुधा एक-दोन मेगापिक्सेलचाच (एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके) असतो आणि बाकीचे ठिपके सॉफ्टवेअर अंदाजानं भरतं. फोटो मोठा होतो, पण त्यात नवीन काही दिसत नाही. खरं तर ४ बाय ६ इंचाच्या चांगल्या प्रिंटला १२०० बाय १८०० ठिपके, म्हणजे दोन मेगापिक्सेलच्या जरा वर एवढंच लागतं. म्हणून आकडा मोठा की लहान यावर अडून बसू नका, अडचण वेगळीच आहे: यातल्या बहुतेकांत फोकस हलतच नाही. हातभर अंतराच्या पुढचं बरं येतं, अलीकडचं सगळं धूसर. म्हणजे मुंगळा गेलाच. बॅटरी आत चिकटवलेली, ती दमली की कॅमेराही संपला. चार-पाच वर्षांच्या पोराला खेळायला हे ठीक आहे. पण तुमच्या लेकीनं तुमच्या मोबाईलचे फोटो बघितलेत. आठवड्यात तिला फरक कळेल आणि तिला वाटेल, आपल्यालाच फोटो जमत नाहीत. हे होऊ देऊ नका.

डीएसएलआर लेन्ससकट पाऊण किलोच्या आसपास भरतो. त्याची पकड मोठ्या माणसाच्या पंजाच्या मापाची, आणि किंमत वर सांगितलेल्या कसोटीत बसत नाही. जुना मोबाईल मात्र हलक्यात काढू नका. सिम काढून, वायफाय बंद करून, गेम आणि व्हिडिओची ॲप काढून टाकून दिला तर फोटो उत्तम येतील. पण घरात कुणीतरी वायफाय चालू करून देणारं निघालं की तो परत मोबाईल झाला. तेवढी शिस्त सगळ्या घराला पाळता येणार असेल तर पाच हजार वाचतील.

कुणी लगेच प्रिंट निघणारा इन्स्टंट कॅमेरा सुचवेल. त्याचा कागद एका फोटोला पन्नास-साठ रुपयांच्या घरात जातो, आणि शिकणाऱ्या मुलीनं दिवसाला शंभर फोटो बिघडवले पाहिजेत. तो नको.

आमचा कल जुन्या, खिशात मावणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्याकडं आहे, आणि तो विकत घ्यायच्या आधी भावकीत, पाव्हण्यारावळ्यांत विचारा. साधारण २००६ ते २०१४ या काळात असे कॅमेरे घरोघरी आले आणि मोबाईल आल्यावर कपाटात गेले. एखाद्या आत्याकडं, काकांकडं चालू स्थितीतला एक तरी निघेल. नाहीच निघाला तर शहरातल्या जुन्या फोटो स्टुडिओवाल्यांना आणि दुरुस्तीवाल्यांना विचारा. कंपन्यांनी स्वस्तातले नवे कॅमेरे बनवणं जवळपास थांबवलंय, आणि कॉलेजच्या मुलांना जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांची हौस लागल्यानं गेल्या दोन-तीन वर्षांत भाव चढलेत. तरी अडीच-तीन हजारांत चांगला कॅमेरा मिळायला हरकत नाही.

पेन्सिल सेलवर (एए मापाच्या) चालणारा मिळाला तर तोच घ्या. कॅननचे पॉवरशॉट ए ८१०, ए १२००, ए १३०० किंवा निकॉनचे कूलपिक्स एल २५, एल २७, एल २९ हे सगळे दोन पेन्सिल सेलवर चालतात आणि वजनाला दोनशे ग्रॅमच्या आत-बाहेर आहेत. चपट्या बॅटरीच्या कॅमेऱ्याची बॅटरी दमली की त्याच नंबरची नवी शोधत फिरावं लागतं. पेन्सिल सेल गल्लीतल्या दुकानात मिळतो आणि नऊ वर्षांची मुलगी तो स्वतः बदलते. ए १२०० आणि ए १३०० मध्ये डोळा लावून बघायची छोटी खिडकीही आहे. दुपारच्या उन्हात पडद्यावर काही दिसत नाही, तेव्हा ती कामाला येते. मात्र जवळचा फोटो घेताना खिडकीतून बघायचं नाही; खिडकी आणि लेन्स वेगवेगळ्या जागी असल्यानं चौकट सरकते आणि फुलाचा शेंडा कापला जातो.

फोटो साठवायचं कार्ड कुठलं लागतं ते कॅमेरा घेण्याआधी बघा. २०१० च्या आधीच्या सोनीत मेमरी स्टिक आणि त्या काळातल्या बऱ्याच ऑलिम्पस, फुजीत एक्सडी कार्ड लागतं. ती कार्डं आता सहज मिळत नाहीत, म्हणून असा कॅमेरा फुकट मिळाला आणि सोबत त्याचं कार्ड नसेल तर सोडून द्या. आपल्याला एसडी कार्डाचा हवा. ८ किंवा १६ जीबीचं कार्ड भरपूर झालं. ६४ जीबीचं घेऊ नका. या वयाचे बरेच कॅमेरे ३२ जीबीच्या वरचं ओळखत नाहीत.

फसगतीची भीती वाटते, तर बघायला जाताना चार चार्ज केलेले सेल, एक कार्ड आणि छोटी टॉर्च घेऊन जा. दुकानदाराच्या सेलवर तपासू नका. आधी सेलचं झाकण उघडा: आत पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड दिसली तर सेल गळून गेलेत. झाकणाची कडी नीट बसते का ते बघा. या कॅमेऱ्यांत सगळ्यात आधी मोडते ती ही प्लॅस्टिकची इवलीशी कडी, आणि मग जन्मभर रबरबँड लावून फिरावं लागतं. मग कॅमेरा दहा वेळा चालू-बंद करा. लेन्स सरळ बाहेर यायला हवी, आवाज सलग यायला हवा. करकर किंवा अडखळत आली तर आत धूळ-वाळू आहे. आज चालली तरी महिन्यात 'लेन्स एरर' दाखवून अर्धवट बाहेर राहील. लेन्स झाकणाऱ्या दोन पात्या पुऱ्या उघडतात का बघा. टॉर्च तिरकी धरून लेन्समध्ये डोकवा: कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा म्हणजे फंगस, बुरशी. आपल्याकडच्या पावसात चामड्याच्या केसमध्ये वर्षानुवर्षं ठेवलेल्या कॅमेऱ्यांना तो हमखास धरतो.

पुढं पांढऱ्या भिंतीचा पूर्ण झूम करून फोटो काढा आणि पडद्यावर मोठा करून बघा. त्याच जागी परत परत काळा डाग येत असेल तर धूळ सेन्सरवर बसलीय, ती या कॅमेऱ्यांत घरी निघत नाही. फ्लॅश मारून बघा, आणि तो पुन्हा तयार व्हायला किती वेळ घेतो ते मोजा; पाच-दहा सेकंद ठीक. चालू केल्यावर तारीख विचारत असेल तर घाबरू नका, बरेच दिवस सेल नसले की आतली तारीख पुसली जाते. शेवटी चिठ्ठीवर कॅमेऱ्याचा सिरियल नंबर लिहून पावती घ्या आणि आठ दिवसांत बिघडला तर परत घ्यायचं तोंडी नाही, लेखी ठरवा.

सेलच्या बाबतीत बहुतेक घरं फसतात, म्हणून जरा सविस्तर. घड्याळात, रिमोटमध्ये घालतो ते साधे स्वस्त सेल या कॅमेऱ्यात चालत नाहीत. लेन्सची मोटर आणि फ्लॅश एकदम जोराचा करंट ओढतात. साध्या सेलला तो देता येत नाही आणि कॅमेरा दोन फोटोत 'सेल बदला' म्हणतो. लोकांना वाटतं कॅमेरा बिघडला. अल्कलाइन सेल चालतात, पण रोजच्या वापराला खर्चिक. त्यामुळे निकेल मेटल हायड्राइडचे, २००० एमएएचच्या आसपासचे चार चार्जिंगचे सेल आणि त्यांचा चार्जर घ्या. दोन कॅमेऱ्यात, दोन डबीत. जुना-नवा किंवा दोन कंपन्यांचे सेल एकत्र घालायचे नाहीत. कमजोर सेल आधी रिकामा होतो आणि दुसरा त्याला आणखी दमवतो. महिनाभर कॅमेरा लागणार नसेल तर सेल बाहेर.

आता ती पहिल्या आठवड्यात कुठं अडेल, ते सांगतो. बटण दाबायला दोन टप्पे असतात. अर्धं दाबलं की 'टिक' होऊन हिरवी चौकट येते, म्हणजे फोकस झाला. मग पूर्ण दाबायचं. मोबाईलची सवय असलेली मुलं एकदम खटकन दाबतात, त्यानं कॅमेरा हलतो आणि फोटो धूसर येतो. शिवाय हे कॅमेरे क्षणभर उशिरा फोटो घेतात. पळणारं वासरू दिसल्यावर दाबलं तर फोटोत शेपूट येतं. ते जिथून जाणार तिथल्या जमिनीवर आधीच अर्धं दाबून धरायचं आणि चौकटीत शिरलं की पुरतं दाबायचं.

दुसरी अडचण मुंगळ्याची. मूल मुंगळा मोठा दिसावा म्हणून झूम करतं आणि सगळं पुसट येतं. फुलाचं चिन्ह असलेला मॅक्रो लावला की वर सांगितलेल्या कॅननमध्ये लेन्स तीन सेंटिमीटरपर्यंत जवळ नेता येते, पण झूम अजिबात केलेला नसतानाच. झूम वाढवला की कमीत कमी अंतरही वाढतं. म्हणून झूम मागं, कॅमेरा पुढं. आणि इतक्या जवळ फ्लॅश बंद. नाही तर लेन्सचीच सावली पडते आणि उरलेला भाग पांढराफटक होतो. रात्री गणपतीच्या मिरवणुकीतही फ्लॅशवर भिस्त ठेवू नका, तो तीन-चार मीटरच्या पुढं पोचत नाही. मेनूतला डिजिटल झूम पहिल्याच दिवशी बंद करून टाका. तो फोटो कापून मोठा करण्यापलीकडं काही करत नाही.

कार्डाच्या कडेला एक बारीक खटका असतो. तो खाली सरकला की 'कार्ड लॉक' दिसतं आणि फोटो निघत नाही; हा बिघाड नाही, खटका वर केला की झालं. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट (सगळं पुसून कोरं) करायचं. फोटो कॅमेऱ्यातून बाहेर घ्यायला कॅमेऱ्याची जुनी केबल शोधत बसण्यापेक्षा दीड-दोनशेचा कार्ड रीडर बरा.

पट्टा मनगटाचा घ्या, गळ्यातला नको. झोपाळ्यात, झाडाच्या फांदीत तो अडकतो. आणि कॅमेरा बंद पडला तर घरी कुणालाही उघडू देऊ नका. फ्लॅशचा कपॅसिटर सेल काढल्यावरही तीनशे व्होल्टच्या आसपास भार धरून राहतो, जोराचा झटका बसतो.

आपल्या गावात कॅमेऱ्याचे दोन वैरी आहेत, पाऊस आणि गुलाल. जून ते सप्टेंबर कॅमेरा घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. रंग बदलणारी जेल घेतली तर ती कधी ओली झाली ते मुलीलाच कळेल. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, पीठ लेन्सच्या फटीत जातं. पन्हाळ्याच्या धुक्यात लेन्सवर वाफ धरली तर धुऊन मऊ झालेल्या मलमलीनं टिपायची, साडीच्या पदरानं पुसायची नाही. पदरातला धुळीचा कणही काचेवर ओरखडा पाडतो. जोतिबाच्या डोंगरावर मात्र कॅमेरा पिशवीतून काढायचाच नाही. गुलाल इतका बारीक असतो की बाहेर आलेल्या लेन्सच्या नळ्यांमधल्या फटीतून थेट दातेरी चाकांत जातो, आणि मग त्या कॅमेऱ्याला दुरुस्ती परवडत नाही. गुलाल दिसला की कॅमेरा बंद, हा नियम तिला पाठ करून द्या.

हिशोब असा बसतो: कॅमेरा तीन हजारांपर्यंत, चार सेल आणि चार्जर हजार-बाराशे, कार्ड चारशेच्या आसपास, रीडर आणि डबा-जेल मिळून तीनशे. कॅमेरा पाव्हण्यांकडं मिळाला तर सतराशे ते एकोणीसशेत सगळं आटोपलं. उरलेले पैसे प्रिंटसाठी राखून ठेवा. शेकडो फोटो कार्डात पडून राहिले की मुलीचा उत्साह ओसरतो. दर रविवारी तिच्याशेजारी बसा, आठवड्याचे फोटो बघा, पाच तिला निवडू द्या आणि ते ४ बाय ६ मध्ये छापून आणा. तुम्हाला आवडलेले पाच नव्हे, तिनं निवडलेले. ती मांजराचे पाच सारखे फोटो निवडेल. निवडू दे, आणि तिला विचारा, पाचातला कुठला आधी लावायचा आणि का.

पहिल्या दिवशी तिला खरी कॉर्नरला कॅमेरा स्तंभापाशी न्या. शंभर वर्षांपूर्वी बाबूराव पेंटरांनी याच शहरात सिनेमाचा कॅमेरा स्वतःच्या हातानं तयार केला, त्याची ती खूण. एकाच स्तंभाचे दहा फोटो काढायला सांगा: लांबून, पायथ्याशी बसून, उजेडाकडं पाठ करून, उजेडाकडं तोंड करून. सकाळी लवकर जा, रहदारी कमी असते. माणसांचे फोटो काढण्याआधी विचारायचं, हेही तिथंच शिकवून होईल.

मामांचं मन मोडू नका. सेल, चार्जर आणि वर्षभराच्या प्रिंटचा खर्च त्यांच्याकडून घ्या, ही भेट डीएसएलआरपेक्षा जास्त दिवस हातात राहील. मोठ्या कॅमेऱ्याचा विषय ती सातवी-आठवीत गेल्यावर काढा, तोही तिनं स्वतः येऊन 'मामा, याच्यात हे एवढं जमत नाही' असं बोट ठेवून दाखवलं तर.